‘माल’ म्हटल्यावर ती ‘गोदाम’ का लिहिते?

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी वर्गातल्या मुलामुलींना शब्दसाहचर्याची चाचणी दिली. यादीत काही साधे शब्द होते आणि काही दुहेरी अर्थाचे : माल, दांडा, गादी, ठोकणे, चढणे, घेणे वगैरे. आमच्या सरांनी शब्द मोठ्याने वाचले, सगळ्यांनी वर्गातच बसून मनात येईल तो पहिला शब्द कागदावर लिहिला. मुलींनी जवळजवळ सगळी साधी उत्तरं लिहिली, मुलांनी चावट अर्थाची बरीच. सामाजिक मान्यतेच्या गरजेची, म्हणजे लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं असं किती वाटतं ते मोजणारी, प्रश्नावलीही भरून घेतली होती, पण तिच्या गुणांचा या उत्तरांशी काहीच संबंध दिसत नाही. सर म्हणतात, ‘मुलींच्या मनात तसलं कमी येतं’ असं लिहून प्रकल्प संपव. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. तसं लिहू नकोस. सरांना राग येणार असेल तर खुशाल माझ्याकडे बोट दाखव. माझे अंतर्गत गुण त्यांच्या हातात नाहीत.

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू अगदी जाता जाता लिहिली आहेस : शब्द सरांनी वाचले आणि सगळे एकाच वर्गात होते. म्हणजे ज्याच्या हातात तुमचे गुण आहेत असा एक वडीलधारा माणूस ‘माल’ म्हणतो, मागच्या बाकावरून फिस्स असा आवाज येतो, आणि पुढच्या बाकावरची मुलगी कागदावर ‘गोदाम’ लिहिते. एवढ्यावरून तिच्या मनात काय आलं ते तुला कळलं? मला तरी इतकंच कळलं की तो वर्ग तिला नीट कळतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून माझी तिसाहून जास्त वर्षं गेली, आणि या चाचणीने मला पहिला धडा अगदी सुरुवातीलाच दिला. एका मोठ्या रुग्णालयात मी शिकाऊ होते. चोवीस वर्षांची, खांद्यावर ओढणी, हातात स्टॉपवॉच. समोर एक ट्रक ड्रायव्हर. छाती धडधडते, झोप लागत नाही, तपासण्या सगळ्या नॉर्मल. मी शब्द वाचत गेले आणि तो शाळेत बक्षीस मिळवणाऱ्या मुलासारखी उत्तरं देत गेला. दांडा म्हटलं की झेंडा, गादी म्हटलं की कापूस, घेणे म्हटलं की देणे. दुपारी माझ्या एका सहकाऱ्याने तीच यादी पुन्हा वाचली. पंधरा मिनिटांनी खोलीतून दोघांच्या हसण्याचे आवाज येत होते. त्या कागदावरची उत्तरं मी इथे लिहीत नाही.

तेव्हा मला वाटलं की मला दिलेली उत्तरं खोटी आणि सहकाऱ्याला दिलेली खरी. आमच्या वरिष्ठ बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि उत्तरांकडे न बघता वेळा बघितल्या. दोन्ही कागदांवर एका शब्दाला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला होता, आणि तो शब्द चावट यादीतला नव्हताच. तो होता ‘दार’. पुढे दोन-तीन भेटींत उलगडा झाला. त्याचं लग्न ठरलं होतं. पहिल्या रात्री घरातल्या बायका दाराला कान लावून बसतात, दुसऱ्या दिवशी त्याची चर्चा होते, हे त्याने थोरल्या भावाच्या लग्नात बघितलं होतं. माझ्यापुढे तो सभ्य होता, माझ्या सहकाऱ्यापुढे रंगेल होता. दोन्हीकडे तो समोरच्याला आवडेल ते देत होता आणि दोन्हीकडे खरी गोष्ट शिल्लक राहत होती.

तुझ्या प्रकल्पाची किल्ली इथेच आहे. मान्यतेची गरज माणसाला किती रेटते ते प्रश्नावली सांगेल. कोणत्या दिशेने रेटते ते प्रश्नावलीत नसतं. ते समोर कोण बसलंय त्यावर ठरतं.

आता जरा मागे जाऊ. ही चाचणी जुनी आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने 1879 साली स्वतःवरच प्रयोग करून बघितला. एकेक शब्द बघायचा, मनात काय येतं ते आणि त्याला किती वेळ लागतो ते टिपायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झुरिकच्या मनोरुग्णालयात कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने तिचं निदानाचं हत्यार केलं. युंगचं मोठेपण यात आहे की उत्तर काय आलं यापेक्षा ते कसं आलं याकडे तो जास्त बघायचा. उशीर, विचारलेलाच शब्द पुन्हा उच्चारणं, चुकीचं ऐकू येणं, मध्येच हसणं, परक्या भाषेत उत्तर देणं, आणि नंतर तीच यादी पुन्हा घेतली की आधी काय म्हटलं होतं ते न आठवणं. शब्द कुठेतरी लागला, याच्या या खुणा. तू मात्र सगळ्यांना एकदम कागद दिलेस. त्यामुळे या सगळ्या खुणा हवेत विरल्या, हाती उरले फक्त शब्द, आणि शब्दांपुरतं तर कुणीही सावरून घेतं.

सावरून घेतं म्हणजे काय, तेही बघू. दुहेरी अर्थाचा शब्द कानावर पडला की दोन्ही अर्थ क्षणभर जागे होतात. 1979 साली डेव्हिड स्विनीने दाखवलं की संदर्भ एकाच अर्थाकडे बोट दाखवत असला, तरी सुरुवातीच्या काही क्षणांत दोन्ही अर्थ मनात हलतात, आणि नको असलेला त्यानंतर मागे पडतो. त्याचा शब्द चावट नव्हता, किडा आणि चोरून ऐकण्याचं यंत्र असे दोन अर्थ असलेला साधा इंग्रजी शब्द होता. पण यंत्रणा तीच. म्हणजे ज्या मुलीला ‘माल’चा दुसरा अर्थ माहीत आहे, तिच्या मनात तो येत नाही असं म्हणायला आधार नाही. येतो आणि चाळणीत अडकतो. तू मोजलंस ते चाळणीतून खाली पडलेलं.

या चाळणीवर एके काळी जोरदार भांडण झालं होतं. 1949 मध्ये मॅकगिनीज नावाच्या संशोधकाने आठ मुलगे आणि आठ मुली, अशा सोळा विद्यार्थ्यांना अठरा शब्द क्षणभर चमकवून दाखवले. अकरा साधे, सात ओशाळवाणे. ओशाळवाणे शब्द ओळखायला विद्यार्थ्यांना जास्त वेळ लागला, आणि ओळखण्याआधीच त्यांच्या तळव्यांच्या घामात फरक पडत होता. त्याने निष्कर्ष काढला की मन स्वतःचा बचाव करतं, नको ते बघतच नाही. पुढच्याच वर्षी हाऊस आणि सॉलोमन यांनी त्याला दोन साधे प्रश्न विचारले. एक, हे शब्द छापील मजकुरात क्वचितच भेटतात, मग अनोळखी शब्द उशिरा ओळखू येणार नाही तर काय? आणि दोन, प्राध्यापकासमोर असला शब्द पूर्ण खात्री झाल्याशिवाय कोण उच्चारील? समजा दिसला ‘भडवा’, आणि निघाला ‘भडका’, तर काय तोंड दाखवणार! मला हा दुसरा आक्षेप फार आवडतो, कारण त्यात प्रयोगशाळेतल्या माणसाला माणूस मानलं आहे.

ते दोन्ही आक्षेप तुझ्या प्रकल्पालाही जसेच्या तसे लागू पडतात.

तुझ्यासारख्याच याद्या 1968 च्या सुमारास अमेरिकेत गॅलब्रेथ आणि मोशर यांनी वापरल्या. इंग्रजीतले ‘स्क्रू’सारखे शब्द, ज्यांना कुणी सुतारकामाचं उत्तर देतो, कुणी दुसरं. कामुक चित्रं दाखवून आधी उत्तेजित केलेल्या विद्यार्थ्यांकडून तशी उत्तरं जास्त आली, आणि ज्यांच्या मनात लैंगिक गोष्टींबद्दल अपराधाची भावना जास्त होती त्यांच्याकडून कमी. अपराधाची भावना आणि मान्यतेची गरज या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. अपराधी माणूस रिकाम्या खोलीतही ‘गोदाम’ लिहील, कारण त्याचा न्यायाधीश आत बसलेला असतो. मान्यतेचा भुकेला माणूस आधी खोलीत कोण आहे ते बघेल.

तू वापरलेली प्रश्नावली बहुधा क्राऊन आणि मार्लो यांची, 1960 सालची, तेहतीस विधानांची. तिची गंमत लक्षात घे. तिच्यात विचारलेल्या गोष्टी चांगल्या आहेत पण जवळजवळ कुणीच त्या पाळत नाही. ‘मतदानाआधी मी सगळ्या उमेदवारांची पात्रता बारकाईने तपासतो.’ ‘मला कुणाचाही कधीच मनापासून तिटकारा आला नाही.’ अशांना होय-होय म्हणत गेलेला माणूस संत तरी असतो, नाहीतर त्याला तुमच्या नजरेत चांगलं दिसायचं असतं. संत कमी असतात. पुढे याच दोघांनी लोकांना रिकामी रिळं खोक्यात भरा, काढा, पुन्हा भरा, असलं कंटाळवाणं काम दिलं आणि मग विचारलं, कसं वाटलं? प्रश्नावलीत जास्त गुण मिळवणाऱ्यांनी ते काम जास्त आवडल्याचं सांगितलं. लग्नात वरणात मीठ नसलं तरी ‘छान झालाय हो स्वयंपाक’ म्हणणारी माणसं ती हीच.

1984 मध्ये पॉलहसने या गरजेचे दोन भाग वेगळे दाखवले : लोकांना दाखवायचा चांगुलपणा आणि स्वतःलाच पटलेला चांगुलपणा. माझ्या खोलीत दोन्ही येतात. पहिल्या प्रकारच्या बाई दार लावल्यावर दहा मिनिटांत मोकळ्या होतात. दुसऱ्या प्रकारच्या बाई खरोखर म्हणतात, ‘मला तसं काही कळतच नाही.’ त्यांना खोटं ठरवण्यात अर्थ नसतो. लहानपणापासून ‘आमची गुणाची पोर’ ऐकत वाढलेल्या बाईला चाळणीचा वापर इतका अंगवळणी पडलेला असतो की चाळणी आहे हेच विसरायला झालेलं असतं.

आता दिशेबद्दल. या विषयातला माझा सगळ्यात लाडका प्रयोग 1952 चा आहे. रसेल क्लार्कने महाविद्यालयातल्या मुलांना आधी नग्न स्त्रियांची छायाचित्रं दाखवली आणि नंतर काही चित्रांवरून गोष्टी लिहायला सांगितल्या. वर्गात बसवलेल्या मुलांनी ती छायाचित्रं बघितल्यावर इतरांपेक्षा उलट कमीच लैंगिक गोष्टी लिहिल्या. तोच प्रकार मुलांच्या क्लबात, बिअरची पार्टी चालू असताना केला, तर त्यांनी जास्त लिहिल्या. पुस्तकं याचं श्रेय दारूला देतात, की दारूने धाक सैल होतो. असेल. पण पार्टीत फक्त बिअर नव्हती, मित्रही होते. वर्गातली शाबासकी संयमाला मिळते, पार्टीतली बेफिकिरीला.

इथे मुलगा आणि मुलगी यांच्यातला फरक कुठून येतो ते दिसू लागतं. चावट शब्दावर मुलगी हसली की ‘आगाऊ’ ठरते, आणि मुलगा हसला नाही तर ‘बावळट’. दोघंही तीच गोष्ट मागत असतात, आपण कुणाच्या तरी लेखी बरं ठरावं. तिला ते गप्प बसून मिळतं, त्याला बोलून. तुझ्या वर्गात मुलींच्या पुढे एकच श्रोता होता, सर. मुलांच्या पुढे दोन होते, सर आणि मागचा बाक. कुणी कुणासाठी लिहिलं, कोण जाणे.

म्हणूनच तुला ‘काहीच संबंध दिसत नाही.’ तू सगळ्यांचे गुण एकत्र करून सहसंबंध काढलास ना? समज, मान्यतेची गरज जास्त असलेल्या मुलींनी चावट उत्तरं कमी दिली आणि तशाच मुलांनी जास्त दिली. दोन्ही एकाच पातेल्यात ओतल्यावर गरम आणि गार मिळून कोमट पाणी. आधी मुलामुलींचं वेगळं काढून बघ. मुलांमध्येही काही दिसलं नाही तर निराश होऊ नकोस, दोन श्रोत्यांची ओढ तिथेही एकमेकींना खात असेल.

श्रोता बदलला की स्त्रीपुरुषांतला फरक कसा बदलतो, याचं चांगलं उदाहरण 2003 मध्ये अलेक्झांडर आणि फिशर यांनी दिलं. अमेरिकी विद्यार्थ्यांना त्यांनी लैंगिक आयुष्याबद्दल प्रश्न विचारले, तीन प्रकारांनी. एका गटाला वाटत होतं की उत्तरं समोरची व्यक्ती बघेल. दुसऱ्याला पूर्ण एकांत. तिसऱ्याच्या हाताला तारा जोडल्या आणि सांगितलं की हे खोटं पकडणारं यंत्र आहे. यंत्र बंदच होतं. जोडीदारांची सरासरी संख्या पहिल्या गटात मुलांनी 3.7 सांगितली आणि मुलींनी 2.6. तारा लावल्यावर मुलांची झाली 4.0 आणि मुलींची 4.4. मुलांचा आकडा जेमतेम हलला, मुलींचा उडी मारून पुढे गेला. जोडीदारांच्या आकड्यापेक्षाही हस्तमैथुन, कामुक साहित्य यांसारख्या प्रश्नांवर हा परिणाम जास्त ठळक होता. मुली उघड्यावर सांगताना काय वजा करत होत्या, त्याचा हा अंदाज.

आणि हे फक्त तिकडचं नाही. आपल्या पुण्यातच अविवाहित तरुण मुलांवर एक पाहणी झाली, ती 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रश्न समोरासमोर विचारायचे की कानात हेडफोन घालून संगणकावर, याची तुलना होती. महाविद्यालयातल्या मुलांनी जोखमीच्या वागण्याबद्दल संगणकापुढे जास्त सांगितलं. वस्तीतल्या मुलांच्या बाबतीत संगणकाचा असा सरळ फायदा झाला नाही. मला यात नवल वाटलं नाही. कॉलेजच्या पोराला यंत्र म्हणजे एकांत. वस्तीतल्या पोराला त्या काळात यंत्र हाच एक साहेब असू शकतो, आणि समोर बसलेला, आपल्यासारखं बोलणारा माणूस जास्त विश्वासाचा.

आता तुझ्या यादीवर येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. ही यादी कुणी केली? तू लिहिलं नाहीस, पण मी पैज लावते, वर्गातल्या मुलांना विचारून केली. दांडा, ठोकणे, चढणे, माल. हे सगळे मुलांच्या कट्ट्यावरचे शब्द आहेत. त्यांचा दुसरा अर्थ मुलं रोज वापरतात, मुलींच्या कानावर तो येता-जाता पडतो, तोही बहुतेक वेळा कुणीतरी त्रास द्यायला म्हटलेला. हाऊस-सॉलोमनचा पहिला आक्षेप हाच होता, की शब्द किती सरावाचा आहे ते आधी बघा. काही मुलींना काही शब्दांचा दुसरा अर्थ माहीतच नसेल. ते न विचारता ‘मनात येत नाही’ म्हणणं म्हणजे कानडी न येणाऱ्याला कानडी विनोदावर हसला नाही म्हणून गंभीर स्वभावाचा ठरवणं.

उलट बाजूने यादी कर की. पाळी. अडचण. कावळा. बाहेर. दिवस. ‘आता तुझी पाळी’ म्हटल्यावर कॅरमच्या पटाभोवती कोण अवघडतं आणि कोण नाही, आठवून बघ. ‘अडचण आहे’ म्हणून देवाच्या कामाला न येणारी मावशी, ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसलीये’, ‘तिला दिवस गेलेत’. ही सगळी बायकांनी बायकांसाठी घडवलेली दुहेरी भाषा आहे आणि ती चांगली जुनी आहे. या यादीवर मुलं निरागस उत्तरं लिहितील. कावळा म्हटलं की काळा, दिवस म्हटलं की रात्र. मग सर काय निष्कर्ष काढणार? मुलांचं मन फार शुद्ध असतं?

आपल्या जुन्या काव्यशास्त्रात अश्लील हा दोष तीन प्रकारचा सांगितला आहे : व्रीडा म्हणजे लाज आणणारा, जुगुप्सा म्हणजे किळस आणणारा आणि अमंगल. तिन्ही नावं शब्दाची नाहीत, ऐकणाऱ्याला काय होतं त्याची आहेत. त्या शास्त्र्यांना हे स्वच्छ दिसत होतं की एकच शब्द एकाला लाजवतो आणि दुसऱ्याला फक्त व्याकरणाचा असतो.

काही शब्द तर गावागावांतही बदलतात. ‘आमच्याकडे बाई ठेवली आहे’ हे वाक्य एका घरात धुण्याभांड्याचं असतं आणि दुसऱ्या घरात भांडणाचं. ‘भानगड’ म्हणजे कुणाला नुसता गोंधळ, कुणाला शेजारच्या वहिनी. त्यामुळे प्रत्येक शब्द आधी वेगळ्या मुलामुलींना दाखवून घे. याचे तुला किती अर्थ माहीत आहेत, आणि दुसरा अर्थ किती वेळा ऐकतोस किंवा ऐकतेस, एवढंच विचार. जो शब्द दोन्हीकडे सारखा माहीत आहे तोच ठेव. निम्मी यादी गळेल. गळू दे.

आणि बायका चावट बोलत नाहीत हा समज तर गावातली हळद न बघितलेल्यांचा. पुरुष ओटीवर गेले की माजघरात व्याह्यांवर काय काय रचलं जातं ते ऐकलं असेल त्याला मुलींच्या मनाबद्दल शंका उरत नाही. चावट कोडी कोण घालतं? आज्याच घालतात. ऐकताना कान लाल आणि उत्तर काय, तर कुलूप-किल्ली! त्यात सोय अशी की घाण अर्थ ऐकणाऱ्याच्या माथी मारता येतो. ‘मेल्या, तुझ्याच मनात पाप, मी तर कुलुपाबद्दल बोलत होते.’ शिमग्यालाही पुरुषांना वर्षातून एकदा बोंब मारायची मुभा असतेच. समाज दोघांनाही सूट देतो, फक्त जागा आणि वेळ वेगवेगळी ठरवून. तुझा वर्ग माजघर नव्हता.

भाषेची एक गोष्ट राहिली, ती माझ्या खोलीतली. जोडपी येतात, मराठीत बोलत असतात, आणि मुद्द्याशी आली की गाडी इंग्रजीवर जाते. ‘आमचं फिजिकल… सेक्शुअल लाइफ…’ इंग्रजी न येणाऱ्या बाई ‘ते’ म्हणतात. ‘ते होत नाही आमच्यात.’ इंग्रजी शब्द हातमोज्यासारखा असतो, वस्तू उचलता येते आणि हात लागत नाही. 2003 मध्ये कॅथरीन हॅरिस आणि तिच्या सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा आणि इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या लोकांवर तळव्याच्या घामाने हे मोजलं. निषिद्ध शब्दांनी आणि लहानपणी खाल्लेल्या बोलण्यांनी मातृभाषेत अंग जास्त थरारलं. तुझ्या वर्गात कुणी ‘माल’ला इंग्रजी उत्तर लिहिलं असेल तर ते साधं म्हणून बाजूला टाकू नकोस. युंगच्या यादीतली ती एक खूण आहे.

मग आता करायचं काय? हाती आहे तो मजकूर फेकून देऊ नकोस. तो ‘मुलामुलींच्या मनात काय येतं’ याचा नाही, ‘गुण देणाऱ्या पुरुष शिक्षकासमोर, भरल्या वर्गात, मुलंमुली काय लिहितात’ याचा आहे. शीर्षक बदललंस की तोच खरा होतो. वेळ असेल तर दुसरी फेरी घे. वाचणारी व्यक्ती दोनदा बदल, एकदा मुलगी, एकदा मुलगा, दोघंही तुमच्याच वयाचे. एका वेळी एकच जण आत. उत्तर तोंडी घे आणि वेळ टिप. मोबाइलवर आवाज मुद्रित केलास तर तोही मोजता येईल, पण त्याची परवानगी वेगळी घे. प्रत्येकाचा वेळ इतरांशी नको ताडूस, त्याच्याच साध्या शब्दांवरच्या वेळेशी ताड, कारण काही माणसं मुळातच सावकाश बोलतात. शेवटी यादी पुन्हा वाचून आधीचं उत्तर आठवतं का ते विचार. जिथे मुलगी ‘गोदाम’ म्हणाली, पण नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेऊन म्हणाली आणि दुसऱ्यांदा ‘दुकान’ म्हणाली, तिथे तुझं उत्तर आहे. उलट एखादा मुलगा चटकन, पाठ केल्यासारखं चावट उत्तर देईल. त्याला मोकळेपणा समजू नकोस. मान्यतेची गरज जास्त असलेली माणसं सगळ्यांना सुचणारी, ठरलेली उत्तरं देण्याकडे झुकतात असं क्राऊन-मार्लो यांच्या गटालाही दिसलं होतं. मुलांच्या टोळीत ‘ठरलेलं’ उत्तर चावट असतं, एवढाच फरक.

परवानगीबद्दल थोडं कडक बोलते. यादीत असले शब्द आहेत हे आधी सांगून, लेखी संमती घेऊन, मधूनच उठून जायची मुभा देऊनच हे करायचं. ‘आधी सांगितलं तर प्रयोग बिघडतो’ असं कुणी म्हणेल. थोडा बिघडतो, चालेल. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात लैंगिक रोखाची शेरेबाजी हीसुद्धा छळाच्या व्याख्येत येते, आणि वर्गात मोठ्याने ‘माल’ म्हणणारा शिक्षक व ‘प्रयोगासाठी’ म्हणणारा शिक्षक यांच्यातला फरक मागच्या बाकाला दरवेळी कळतोच असं नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीला तर त्या वाचनानंतर आठवडाभर त्यावरून चिडवलं गेलं असेल. विचारून बघ तिला, आणि तेव्हा हातात वही नको.

दुसऱ्या फेरीच्या यादीत ‘कावळा’ घालायला विसरू नकोस. आणि जमलं तर एक कोरा कागद सरांनाही दे. ते काय लिहितात ते मला कळव.